तापी दिसते, नाला दिसत नाही

शिरपूरचं नाव महाराष्ट्रात पाण्यासाठी घेतलं जातं ते आधी नसलेल्या आणि मग अडवलेल्या पाण्यासाठी. २००४ च्या सुमारास अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळानं आणि भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या आखणीनं तालुक्यातले नाले रुंद आणि खोल करायला सुरुवात झाली. त्यांच्यावर दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे एकामागून एक उभे राहिले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हा शब्द सरकारी भाषेत रुळला. मंत्री येऊन गेले, सचिव येऊन गेले, जीपगाड्या भरून सरपंच आले. प्रत्येकाचा प्रश्न एकच, होळीनंतर विहिरीला किती पाणी टिकतं? त्याच नाल्यातून श्रावणातल्या एखाद्या रात्री किती पाणी येऊ शकतं, हे विचारणारा विरळा.

दुष्काळी तालुक्याला पुराचा आराखडा कशाला, हा प्रश्न शिरपुरात थट्टेवारीही नेता येतो. पण एका कॉलनीत दोन शेजारी गेली काही वर्षं त्यावर गंभीरपणे भांडत आहेत. एकाला सगळे नाना म्हणतात. जलसंपदा विभागातून निवृत्त झालेले अभियंता, हिशेब पाठ, बोलताना हातात पेन. दुसऱ्या ताई, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या माजी सरपंच. मुलांच्या शिक्षणासाठी शिरपुरात घर केलं, पण जीव गावाकडेच. नाना ‘खोरं’ म्हणतात तेव्हा ताई ‘गाव’ म्हणतात, आणि दोघांचंही खरं असतं, म्हणून भांडण मिटत नाही.

“पुराचा विचार नदीच्या उगमापासून मुखापर्यंत करायचा असतो,” ही नानांची नेहमीची सुरुवात. “तापी मध्य प्रदेशात मुलताईला निघते, ७२४ किलोमीटर वाहते, सुरतेजवळ समुद्राला मिळते. खोरं ६५ हजार चौरस किलोमीटरचं, त्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग महाराष्ट्रात. पूर्णा नदी चांगदेवला येऊन मिळते, तिच्याबरोबर अकोल्या-अमरावतीचं पाणी येतं. म्हणजे सावळद्याच्या पुलाखालून जाणारं पाणी शिरपूरच्या आभाळातून पडलेलं असेलच असं नाही. इथं कोरडं ऊन असेल आणि खाली नदी दुथडी भरलेली असेल.”

“ते दिसतंच की, नाना. पुलावर गाड्या थांबवून लोक फोटो काढतात.”

“दिसतं, आणि मोजलंही जातं, तेच सांगतोय. केंद्रीय जल आयोगाची केंद्रं आहेत. बुऱ्हाणपूर, भुसावळ, सावखेडा, आपलं गिधाडे, मग सारंगखेडा. हतनूर धरणाला ४१ दरवाजे. किती उघडले, किती क्युमेक्सनं विसर्ग सुरू आहे, सगळं जाहीर होतं. ते पाणी इकडे यायला बरेच तास लागतात. एवढी उसंत कोणत्या पुरात मिळते?”

इथं ताईंचा पहिला टोला येतो. “उसंत मिळते, पण कोणासाठी मोजतात ते बघा ना. आपल्या दारातलं पाणी मोजायचं आणि निरोप सुरतेला द्यायचा.”

हा टोला अगदीच निराधार नाही. तापीवरच्या पूर-अंदाजाचा इतिहास बराचसा सुरतेच्या भीतीनं लिहिलेला आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सुरतेच्या वरच्या बाजूला तापीचा प्रवाह सुमारे साडेपंधरा लाख क्युसेकवर गेला होता. त्यानंतर १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झालं आणि शहर निर्धास्त झालं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतूनच नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावं लागलं, तेव्हा शहराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. त्या आघातानंतर सुरतेनं वरच्या खोऱ्यातला पाऊस, उकाईत येणारी आवक आणि शहरातली पातळी यांची एकत्र सांगड घालणारी पूर्वसूचना व्यवस्था बांधली. उकाईत उद्या किती पाणी येईल, या प्रश्नाचं उत्तर खानदेशातल्या पट्ट्यांवर वाचलं जातं.

नानांना यात काही वावगं वाटत नाही. “वरच्यानं खालच्याला सांगायचं असतं. बुऱ्हाणपूरनं आपल्याला सांगावं, आपण सुरतेला. यालाच खोरं म्हणतात. आणि आपल्या बाजूला तापीचे काठ उंच आहेत, ताई. थाळनेरचा किल्ला बघा. फारुकी सुलतानांनी जागा निवडली ती उगाच नाही. तापी भरली तरी पाणी खोल पात्रातून जातं, सुरतेसारखं पसरत नाही.”

“तापी पसरत नाही, कबूल. पण तापी भरली की तिला मिळणारे नाले तुंबतात, त्याचं काय? पुढे जायला जागा नाही म्हणून पाणी मागे सरकतं. फुगवट्यानं शेत जातं ते कोणत्या पट्टीवर मोजता?”

नाना थोडे थांबतात. फुगवट्याचा हिशेब करता येतो, असं ते म्हणतात. नदीचे आडवे छेद हवेत, संगमाची पातळी हवी. करता येतो आणि केला जातो, यातलं अंतर मात्र ते बोलून दाखवत नाहीत.

मग विषय रेषांवर येतो. नानांचा हा हातखंडा विषय, आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे. महाराष्ट्रात पाटबंधारे विभागाच्या सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकापासून नदीकाठी दोन रेषा आखायची पद्धत आहे. निळी रेषा म्हणजे ढोबळमानानं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. वर धरण असेल तर त्याच्या सांडव्यावरून सुटू शकणारा मोठ्यात मोठा विसर्गही लाल रेषेच्या हिशेबात येतो. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथं बाग चालेल, वाहनतळ चालेल, घर चालणार नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथं जोतं लाल रेषेच्या पातळीहून उंच ठेवून बांधकाम करता येतं. केंद्रानं १९७५ मध्येच पूरमैदानांच्या नियमनासाठी नमुना विधेयक राज्यांना पाठवलं होतं. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा थोड्याच राज्यांनी कायदा केला. महाराष्ट्राचं काम परिपत्रक आणि विकास नियंत्रण नियमावली यांवर चाललं आहे.

“रेषा आहे म्हणून निदान नगररचनाकाराला नाही म्हणता येतं,” नाना म्हणतात. “रेषाच नसेल तर प्लॉट पाडणाऱ्याला कोण अडवणार?”

“आणि रेषेच्या बाहेरचा प्लॉट घेतला की माणूस निवांत. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे नातवाच्या वेळी बघू.”

नानांचं पेन निघतं. विजेच्या बिलाच्या पाठीमागे ते आकडे मांडतात. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. यंदा पूर आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. घरासाठी वीस वर्षांचं कर्ज घेतलं, तर हप्ते फिटेपर्यंत लाल रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी बघण्याची शक्यता साधारण अठरा टक्के. निळ्या रेषेच्या पुराची? वीस वर्षांत छप्पन टक्के. निम्म्याहून जास्त.

ताई कागद हातात घेऊन दोनदा वाचतात. “हे ग्रामसभेत कोणी सांगितलं नाही कधी. रेषेचा नकाशा लावतात, हे लावत नाहीत.”

या एका मुद्द्यावर दोघांचं पटतं, आणि ते पटणं महत्त्वाचं आहे. युरोपीय संघानं २००७ मध्ये पूर-जोखमीचा निर्देश काढला, तेव्हा सदस्य देशांवर टप्प्याटप्प्यानं तीन कामं सोपवली. आधी प्राथमिक मूल्यमापन, मग धोक्याचे आणि जोखमीचे नकाशे, मग व्यवस्थापनाचा आराखडा, आणि दर सहा वर्षांनी पुन्हा सगळ्याची फेरतपासणी. नकाशावर पाणी कुठवर येईल एवढंच दाखवून भागत नाही. त्या हद्दीत साधारण किती माणसं राहतात, कोणते उद्योगधंदे आहेत, हेही दाखवावं लागतं. आपली लाल-निळी रेषा पाण्याची हद्द सांगते. त्या हद्दीत किती म्हातारी माणसं एकटी राहतात, रोहित्र किती उंचीवर आहे, औषधाचं दुकान कोणत्या बाजूला आहे, हे रेषा सांगत नाही. ते माहीत असतं गावातल्या आशा सेविकेला आणि पोस्टमनला.

पण नकाशे असले म्हणजे झालं असंही नाही, आणि इथं ताईंच्या बाजूनं बोलणारं उदाहरण थेट जर्मनीतून मिळतं. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात पूर आला आणि त्या एका दरीत शंभराहून अधिक माणसं गेली. पूरनकाशे होते. ते आखले होते १९४७ पासूनच्या मोजणीवर. त्याच दरीत १८०४ आणि १९१० मध्ये येऊन गेलेले भयंकर पूर मोजणीच्या वहीत नव्हते, म्हणून नकाशातही नव्हते. वही जितकी जुनी, तितकीच रेषेची स्मरणशक्ती.

“मग आपली वही कधीपासूनची?” ताई विचारतात.

धुळ्याच्या लोकांना १८७२ चा पांझरेचा पूर ठाऊक असतो तो गॅझेटियरमुळे. त्या वर्षी पांझरेनं शहरातली घरं आणि मालमत्ता यांचं मोठं नुकसान केलं, अशी नोंद इंग्रजांनी करून ठेवली. पण गॅझेटियरमधला परिच्छेद म्हणजे पातळीची नोंद नव्हे. तो आकडेमोडीत घालायचा तर जुन्या घाटांच्या पायऱ्या, देवळांची जोती, दफ्तरातले नकाशे असं काहीबाही शोधून पाणी कुठवर चढलं होतं ते ठरवावं लागतं. जगात हे काम करणारे लोक आहेत, त्याला शास्त्राची प्रतिष्ठाही आहे. खानदेशात ते एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकानं हौसेनं करावं अशी स्थिती आहे.

नाना मान्य करतात की जुना पूर वहीत यायला हवा. पण त्यांची अडचण वेगळी आहे. “जुन्या पुरानं नवं पात्र मोजता येत नाही, ताई. पांझरेवर तेव्हा अक्कलपाडा धरण नव्हतं.”

“बरोबर. आणि आमच्या नाल्यावर तेव्हा तुमचा पॅटर्न नव्हता.”

या वाक्यानं संभाषण शिरपूरला परत येतं, आणि गंमत अशी की यावर दोघांनीही आपापल्या नेहमीच्या भूमिका सोडलेल्या असतात. ताई पॅटर्नच्या बाजूच्या. त्यांच्या गावात विहिरी जिवंत झालेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. नाना साशंक. ताई म्हणतात, नाला खोल केला, रुंद केला, बंधारे घातले, म्हणजे पूर कमीच होणार, पाणी तिथंच थांबणार. साधं आहे.

नाना बिलाचा कागद उलटा करतात. दहा किलोमीटर लांबीचा नाला घ्या. रुंदी सरासरी वीस मीटर, पाणी साठण्याची खोली सरासरी पाच मीटर. साठा किती? दहा लाख घनमीटर, म्हणजे एक दलघमी. आता वरच्या शंभर चौरस किलोमीटर पाणलोटावर एका रात्रीत शंभर मिलिमीटर पाऊस पडला असं धरा. एकूण पाणी एक कोटी घनमीटर, म्हणजे दहा दलघमी. निम्मं जमिनीत मुरलं, निम्मं वाहून आलं तरी पाच दलघमी. नाला रिकामा असला तर पाचातला एक धरेल, बाकीचे चार बंधाऱ्यावरून उड्या मारत गावाकडे.

“आणि श्रावणात नाला रिकामा असतो का?” नाना विचारतात.

नसतो. असावा अशी कोणाची इच्छाही नसते. ज्या बंधाऱ्याचं काम पाणी मुरवणं, तो भरलेला असला की लोक खूश, आणि पूर अडवायचा तर तोच बंधारा रिकामा हवा. मोठ्या धरणांचीही हीच ओढाताण असते. रब्बीसाठी आणि पिण्यासाठी धरण भरून घ्यायचं की पुढच्या पावसासाठी जागा ठेवायची? २००६ मध्ये उकाईबाबत नेमका याच मुद्द्यावर वाद झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला पातळी किती ठेवायला हवी होती? धरणाला निदान जलाशय परिचालनाची सूची असते, कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा ते कागदावर असतं, चूक झाली तर बोट ठेवायला जागा असते. दरवाजे नसलेल्या बंधाऱ्याला सूची कसली? पाणी आलं तसं वरून जाणार.

ताईंचं उत्तर मात्र हिशेबाच्या दुसऱ्या बाजूनं येतं, आणि तेही तितकंच बरोबर आहे. “तुम्ही नाला भरला की भरलेलाच राहतो असं धरलंत. आमच्याकडे पाणी टिकत नाही म्हणून तर एवढा खटाटोप केला. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूची जमीन आहे. आठ दिवस उघडीप मिळाली की पाणी खाली जातं.”

नाना मान हलवतात. पायथ्याचा तो पट्टा, ज्याला भूवैज्ञानिक बझाडा म्हणतात, खरोखरच पाणी गिळतो. तापी मेगा रिचार्जची सगळी कल्पना त्याच पट्ट्यावर उभी आहे, आणि २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी त्यासाठी भोपाळला करारही केला. पण तापीच्या बाजूला, खाली, गाळाच्या जमिनीत पिवळ्या मातीचे थर आहेत. तिथला नाला इतक्या सहज रिता होत नाही. म्हणजे एकाच तालुक्यात एक नाला पुराला थोडा आळा घालेल, दुसरा घालणार नाही. कोणता कोणता, हे पाहायला प्रत्येक पाणलोटाचा हिशेब हवा. तो पुनर्भरणासाठी झाला आहे. पुरासाठी?

“म्हणजे तुम्हीही मान्य करता,” ताई म्हणतात, “की धोका तापीत नाही, नाल्यात आहे.”

नाना इतकं मान्य करत नाहीत. पण अलीकडच्या वर्षांतला खानदेशचा अनुभव ताईंच्या बाजूनं झुकतो. १६ आणि १७ ऑगस्ट २०१८ च्या दरम्यानच्या रात्री नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला रंगावली आणि विसरवाडीला सरपणी नदी गावात घुसली. माणसं वाहून गेली. ३१ ऑगस्ट २०२१ ला जळगाव जिल्ह्यात चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नद्यांनी बाजारपेठ बुडवली. वर डोंगरात पाऊस कोसळला, कन्नड घाटात दरडी पडून रस्ता बंद झाला, आणि खाली शेकडो जनावरं दावणीला बांधलेली गेली. रंगावली, सरपणी, तितूर, डोंगरी ही नावं राज्याच्या नकाशावर बारीक अक्षरांत असतात. नदी लहान, उतार तीव्र, पाणी यायला लागणारा वेळ तासांत. हतनूरचे किती दरवाजे उघडले याची सूचना तिथं कोणाच्या उपयोगाची?

पावसाच्या मोजणीचंही असंच. महसुली मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, हा मापदंड खानदेशातल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे, कारण भरपाईची वाट तिथून सुरू होते. महावेधच्या स्वयंचलित केंद्रांमुळे राज्यभरात दोन हजारांहून अधिक ठिकाणी पाऊस मोजला जातो, ही मोठीच सुधारणा. पण मंडळ म्हणजे कितीतरी गावं. ढग एका डोंगरावर फुटतो, आणि पर्जन्यमापक असतो मंडळाच्या गावी, दहा-बारा किलोमीटरवर. शिवाय चोवीस तासांत ६५ मिलिमीटर हे पीक सडण्याचं माप आहे. तेवढाच पाऊस दीड तासात पडला तर फरशी पूल जातो.

फरशी पूल ही इकडची खास चीज. कमी खर्चाचा, बुटका, कठडे नसलेला. पाणी वरून जावं म्हणूनच बांधलेला. घोटाभर पाणी असतं तोवर मोटारसायकली जातात. गुडघाभर झालं की कोणीतरी एकजण मधे उभा राहून इतरांना हात दाखवतो, आणि दरवर्षी कुठे ना कुठे एखादा माणूस त्या अंदाजात चुकतो. पुराच्या सरकारी आकडेवारीत त्याची नोंद एक मृत्यू अशी होते. तो रेषेत राहत नव्हता, त्याचं घर बुडालं नव्हतं. त्याच्यासाठी आराखड्यात कोणतं पान असतं?

आराखडा असतो, हे सांगितलं पाहिजे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण, त्यानं जिल्ह्याचा आराखडा करायचा आणि दरवर्षी त्याचा आढावा घेऊन तो अद्ययावत करायचा, असं कायदा सांगतो. असा कुठल्याही जिल्ह्याचा आराखडा उघडला तर मांडणी ओळखीची असते. जिल्ह्याची भौगोलिक माहिती, नद्या, धरणं, पूरप्रवण गावांची यादी, होड्या किती, लाइफ जॅकेट किती, पोहणाऱ्यांची नावं, आणि पानंच्या पानं फोन नंबर. पूरप्रवण गावांची यादी बहुतेक मोठ्या नदीच्या काठानं उतरत जाते.

“मी सरपंच असताना आमच्या गावाचं नाव यादीत नव्हतं,” ताई सांगतात. “का, तर आधी पूर आला नव्हता. म्हणजे यादीत यायला एकदा बुडावं लागतं. आमच्यासाठी सरकारचा पूर तलाठी पंचनाम्याला येतो तिथून सुरू होतो.”

नाना या वाक्यावर चिडतात. त्यांच्या नोकरीतली तीस-पस्तीस वर्षं पंचनाम्याआधीच्या कामात गेली आहेत. “यादी वाढवत नेली तर सगळा जिल्हाच यादीत येईल, ताई. होड्या मोजक्याच आहेत. प्राधान्य ठरवायला काहीतरी आधार लागतो. आधीचा पूर हा आधार वाईट आहे, पण आहे. तुमच्याकडे दुसरा कोणता?”

दुसरा आधार आता तयार होतो आहे, आणि तो नानाच सांगतात. हवामान विभागानं २०२० च्या ऑक्टोबरात दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराची मार्गदर्शन सेवा सुरू केली. लहान पाणलोटांच्या पातळीवर पुढच्या सहा तासांतला धोका आणि चोवीस तासांतली जोखीम ती सांगते. जमीन आधीच किती भिजली आहे, आणखी किती पाऊस पडला तर नाला काठ सोडेल, असा तिचा हिशेब असतो. केंद्रीय जल आयोगानं २०२३ मध्ये ‘फ्लड वॉच इंडिया’ नावाचं ॲपही काढलं. ‘सचेत’ या सरकारी इशारा-यंत्रणेवरून मोबाइलवर इशारे येतात.

“येतात. शिरपुरात येतात,” ताई म्हणतात. “सातपुड्यातल्या पाड्यावर रेंज कुठे आहे? आणि आला तरी काय लिहिलेलं असतं? जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार. जिल्हा शिरपूरपासून साक्रीपर्यंत आहे. ज्या बाईचं घर नाल्याच्या वळणावर आहे तिनं त्यातून काय समजायचं? आमच्याकडे वरच्या पाड्यावरून ‘पानी ई गयं’ अशी आरोळी यायची, तेवढ्यावर लोक गुरं सोडायचे.”

“आणि आरोळी झोपेत ऐकू आली नाही तर?”

“म्हणून भोंगा हवा.”

भोंग्यावर नानांचा आक्षेप गंभीर आहे, आणि प्रशासनातल्या कोणालाही तो पटेल. भोंगा कोणत्या पातळीला वाजवायचा हे ठरवायला त्या नाल्याची निदान तीन-चार पावसाळ्यांची नोंद हवी. किती पाऊस पडला, किती वेळानं किती पाणी चढलं? नोंदीशिवाय वाजवला तर दोन वेळा उगाच वाजेल, आणि तिसऱ्या वेळी कोणी उठणार नाही. शिवाय उगाच वाजला म्हणून कोणाची म्हैस दावं तोडून पळाली, कोणी पडून पाय मोडला, तर जबाबदार कोण? ग्रामपंचायत? तहसीलदार? हतनूरचा दरवाजा उघडण्याचा आदेश कोणी दिला ते कागदावर असतं. भोंग्याचं बटण कोणी दाबलं?

ताईंचं म्हणणं, नोंद होईपर्यंत पूर थांबणार नाही. फरशी पुलावर पाणी आलं की वाजवा, ती पातळी सगळ्या गावाला ठाऊक आहे. उगाच वाजला तर वाजला.

प्रस्तुत लेखकाचं माप ताईंच्या बाजूनं थोडं अधिक झुकतं, ते एका कारणानं. इशारा फुकट गेल्याचा तोटा गावभर वाटला जातो, न दिलेल्या इशाऱ्याचा तोटा एकाच घरावर पडतो. पण नानांची नोंदीची मागणीही टाळता येण्यासारखी नाही. आज कोणी लिहायला सुरुवात केली नाही, तर वीस वर्षांनीही या नाल्याची रेषा आखणारा अभियंता दुसऱ्याच कुठल्या तरी नदीचं सूत्र लावून आकडा काढेल.

निदान सुरुवात कुठून करायची यावर दोघं एका कागदापर्यंत आले आहेत. पावसाळ्याआधी तालुक्यात मान्सूनपूर्व तयारीची बैठक होते, तिथं द्यायचा अर्ज. मसुदा नानांच्या अक्षरात आहे. मागण्या मोजक्या. नाल्यावरच्या तीन पुलांच्या खांबांवर मीटरच्या खुणांची पट्टी रंगवावी. वरच्या दोन पाड्यांवर साधे पर्जन्यमापक द्यावेत आणि शाळेतल्या शिक्षकांनी ते सकाळी-संध्याकाळी वाचून आकडे वहीत लिहावेत. सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या गावांचे फोन नंबर यादीत घ्यावेत. नाला रुंदीकरणाच्या प्रत्येक नव्या कामाच्या अंदाजपत्रकासोबत शंभर मिलिमीटर पावसात खालच्या गावाजवळ पाणी कुठवर येईल याचं एक पान जोडावं. ही चौथी मागणी नानांची स्वतःची, आणि तिच्यावर त्यांनी खाली रेघ ओढली आहे.

पाचवा मुद्दा भोंग्याचा. ताईंनी तो ‘यंदाच्या पावसाळ्यापासून’ असा लिहायला सांगितला होता. नानांनी ‘तीन पावसाळ्यांच्या नोंदीनंतर’ असं लिहिलं. ताईंनी ते खोडलं. सध्या त्या ओळीत दोन्ही मजकूर आहेत, एक खोडलेला आणि एक वर लिहिलेला, आणि बैठकीची तारीख जवळ आली आहे.